ओल्याची पारख

पिओराको,
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९७६

प्रिय नेरिना,

टेलिफोन करायचा सोडून आईला पत्राची कुठून हुक्की आली, असं म्हणशील. दोनदा चौकातल्या बारमध्ये जाऊन आले फोन करायला. पहिल्यांदा कोर्रादोने उचलला. जावयाला काय सांगायचं, म्हणून तब्येतपाणी विचारलं आणि ठेवला. दुसऱ्यांदा तू उचललास, पण मागून तुल्लियाचं आऽऽ आऽऽ ऐकू आलं आणि मी विषयच बदलला. यंदा चेस्टनट भरपूर झालेत एवढं सांगून ठेवून दिला. तर आता कागदावर. रविवारी तू तिला घेऊन येणार, सोमवारी सकाळच्या बसने एकटी अँकोनाला परत जाणार, तुझी बाळंतपणाची रजा संपणार आणि आठ महिन्यांची पोर इथे माझ्या भरवशावर राहणार, असं आपलं ठरलंय. मी हो म्हणाले होते. पाळणा खाली काढून पुसूनही ठेवलाय. पण रविवारी निघण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात उठून दूध बघायला जाऊ नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. टपालाचा काही नेम नाही म्हणून बसच्या ड्रायव्हरच्याच हाती देतेय. वाच, आणि मगच पोरीची पिशवी भर.

परवा कागदकारखान्याच्या माळ्यावर उभी असताना तुझं लहानपण आठवलं. तू पाच वर्षांची असशील. शाळेला सुट्टी असली की मी तुला बरोबर न्यायची, आणि पायांत घोटाळू नयेस म्हणून सरस दिलेला एक रद्दी ताव आणि वाटीभर पाणी देऊन कोपऱ्यात बसवायची. तू बोटाने थेंब सोडायचीस. सरस नीट बसलेला कागद असला की थेंब मसुराच्या दाण्यासारखा टम्म उभा राहतो, आणि कागद तिरका केला की घरंगळतो. तू दोन थेंबांची शर्यत लावायचीस. वाटेत ते भेटून एक झाले की भोकाड पसरायचीस, की आता जिंकलं कोण? एकदा आमच्या कारखान्यातल्या उबाल्दोने मुद्दाम तुला सरस न दिलेला कच्चा कागद दिला. थेंब पडला आणि गपकन आत गेला, वर नुसता डाग. तू त्याच्या पायावर बुक्के मारत सुटलीस, “चोरा, माझं पाणी दे!” अजून तो तुला पाणीवाली म्हणतो, “पाणीवालीची पोर कधी येतेय?” म्हणून रोज विचारतो. त्याच दिवशी जेवताना तू मला विचारलं होतंस, आई, पाणी ओलं का असतं? मी म्हणाले, पाणीच ते, ओलं नाही तर काय कोरडं असणार? गप जेव. त्या प्रश्नाचं उत्तर मला आता एकवीस वर्षांनी मिळालंय, आणि मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

माझं काम काय ते तुला कधी धड सांगता आलं नाही. शाळेत तू सांगितलंस, माझी आई कागदाला हात लावते. बाईंनी मला बोलावून घेतलं, म्हणे मुलीला नीट सांगा, गैरसमज होतो. पण खरं तेच होतं. उबाल्दो साचा लगद्यात बुडवतो, ताव उचलतो, त्याचं काम दिसतं तरी. मी फक्त हात लावते. माळ्यावर दोऱ्यांवर ताव वाळत असतात, ते आतपर्यंत वाळलेत की नाहीत हे माझा हात सांगतो. मी “उतरवा” म्हणाले की ते उतरतात आणि कातडी उकळून केलेल्या गरम सरसात जातात, म्हणजे मग शाई फुटत नाही. आतून ओल राहिलेला कागद सरसात घातला तर काय उपयोग? ज्याचं पोट पाण्याने भरलंय तो सरस कुठून पिणार? म्हणून मी “उतरवा” म्हणेपर्यंत मालकसुद्धा एक ताव हलवत नाहीत. माझ्यानंतर दुसरं कुणी तपासतही नाही. आपल्याकडची रीतच आहे ती. उबाल्दो म्हणतो, एल्वेझिया हो म्हणाली की पोपलाही नाही म्हणता येत नाही.

मला हे झेलिंदाने शिकवलं, तुला आठवत नसेल, तू रांगत होतीस तेव्हा ती गेली. तोंडाने फाटकी, पण हात सोन्याचे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तिने माझ्या एका हातात माळ्याची लोखंडी किल्ली दिली, दुसऱ्या हातात एक ताव. म्हणाली, “डोळे मीट. ओलं कुठलं?” मी म्हटलं, किल्ली. “गाढवे! किल्ली गार आहे, ओली नाही. गार लागलं म्हणजे अर्धंच कळलं, उरलेलं अर्धं सरकवून बघ.” थंडीत नवखी पोरगी हमखास तिथेच फसते. गार कागद ओला समजते आणि चार चार दिवस उगाच टांगून ठेवते. मग झेलिंदाने बोटांची मागची बाजू कागदावरून कशी सरकवायची ते दाखवलं. कोरडा सरसर जातो, ओला बोटाला जरा धरून ठेवतो. तरीही शंका राहिली तर ओठ लावायचे. “बोटं कामाने राठ होतात, ओठ होत नाहीत,” म्हणायची. मला ओठांची गरज क्वचितच पडली. चाळीस वर्षं माझी बोटंच पुरली, आणि त्याचा मला ताठा होता, हेही लिहूनच टाकते.

आता सप्टेंबरातली गोष्ट. उर्बिनोच्या एका छापखान्याचे चारशे ताव टांगलेले होते. आठवडाभर खोऱ्यात धुकं. मी वर गेले, दोऱ्यांखालून नेहमीसारखी फिरले, हात लावला. कुठेच गार लागलं नाही. मला बरंच वाटलं, म्हटलं एवढ्या धुक्यात लवकर वाळले म्हणायचे! खाली वाकून ओरडले, “उतरवा.” ऑक्टोबरच्या अखेरीला गठ्ठा परत आला, सोबत चिठ्ठी, शाई फुटते. मालकांनी एक ताव टेबलावर पसरला आणि लेखणीने रेघ ओढली. चार बोटं ती सरळ गेली, आणि मग तिला सुरवंटासारखे केस फुटले. त्यांनी पाण्याचा थेंब सोडला. इथे टम्म उभा, तर वीतभर पलीकडे गपकन आत. असं ठिकठिकाणी, चारशेच्या चारशे. मालकांनी तो ताव उचलून माझ्यासमोर धरला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

उबाल्दो मध्ये पडला. म्हणाला, “सरसच पातळ होता, मालक. या खेपेला कातडीच दरिद्री आली होती.” आणि मी मान हलवली. मान हलवली, नेरिना! कातडी चांगली होती, सरस चांगला होता, उबाल्दोनेच उकळला होता. जिन्यात त्याने मला गाठलं. “काय झालंय गं तुला? या वयात प्रेमात-बिमात पडलीस की काय?” मी म्हटलं, तुझं तोंड रोज बघून बघून ती हौस कधीच मेली. तो हसला, मीही हसले, आणि घरी येऊन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडले. कारण मला कळून चुकलं होतं. माझ्या हाताला काहीच गार लागलं नव्हतं. कागदच काय, माळ्याची किल्लीसुद्धा गार लागली नव्हती.

मग एकेक आठवायला लागलं. वरच्या मजल्यावरची डेर्ना वसंतात एकदा म्हणाली होती, अगं, भांडी घासतेस की हात शिजवतेस, केवढे लाल झालेत! मी म्हटलं, ऊन पाण्याने चिकट जातं. तू तुल्लियासाठी पाठवलेल्या छोट्या चादरी मी धुऊन, वाळल्या म्हणून घड्या करून कपाटात ठेवल्या होत्या. चार दिवसांनी कपाट उघडलं तर कुबट वास, आणि चादरींवर काळे ठिपके. डेर्नाने एक हातात घेतली आणि म्हणाली, “एल्वेझिया, ही पिळली तर अजून पाणी निघेल!” मी धुक्यावर ढकललं. पण जिन्यातल्या त्या दिवसानंतर मी तिला खाली बोलावलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि म्हटलं, एक ओला टॉवेल घे, एक कोरडा, उलटसुलट माझ्या बोटांना लाव. तिला वाटलं काहीतरी खेळ आहे. पहिल्या दोन वेळा ती खो खो हसली. दहा वेळा लावले, मी चार बरोबर सांगितले. पाचव्या-सहाव्या वेळेपासून तिचं हसू ऐकू येईनासं झालं. रुमाल मी स्वतःच सोडला. ती टॉवेल घेऊन तशीच उभी होती, आणि तिच्या हातातल्या टॉवेलातून माझ्या फरशीवर पाणी टपकत होतं.

तीच मला कामेरिनोला डॉक्टरकडे घेऊन गेली. तुला सांगू नको म्हणून मीच तिला शपथ घातली, तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. रक्तात साखर निघाली, बरीच, आणि बरीच वर्षं असणार म्हणाले. त्याने हातापायांच्या नसा मरत आल्यात. डॉक्टर तरुण आहेत, गरीब स्वभावाचे. त्यांनी डोळे मिटायला लावून गार नळी लावली, गरम नळी लावली, ओला कापूस, कोरडा कापूस. मी ठोकून देत होते, ते लिहीत होते. मग मी त्यांना विचारलं, बाकी काहीही जाऊ दे, पण ओलं कळायचं तेवढं परत येईल का? माझं पोट त्यावर आहे. तर म्हणाले, “बाई, ओलं कळणारं असं कातडीत काही नसतंच. कातडीला गार कळतं, आणि सरकतंय की चिकटतंय ते कळतं. या दोन्हींची बेरीज डोकं करतं आणि म्हणतं, ओलं. तुमचं गार गेलं, म्हणून बेरीज चुकते.” मला असा राग आला! चाळीस वर्षं मी ज्याच्यावर नाव कमावलं ते मुळात नसतंच म्हणे! परतीच्या बसमध्ये मात्र झेलिंदा आठवली. गार म्हणजे अर्धंच. तिने डॉक्टरकीची एक ओळ वाचली नव्हती. तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, बाळा. पाणी आपलं पाणी असतं. ओलं आपण करतो.

मालकांना मी गेल्या आठवड्यात खरं काय ते सांगून टाकलं. उबाल्दो दोन दिवस बोलला नाही. “मला खोटं पाडलंस, वर माझ्या सरसाची बदनामी मीच केली!” म्हणून धुसफुसत होता. मालकांनी मला काढलं नाही. आता मी माळ्यावर ओठांनी तपासते. एकेका दोरीवरचे चार-पाच ताव, कोपरा ओठांना लावायचा, मग गालावरून सरकवायचा. तोंडाचं गार-गरम अजून शाबूत आहे, डॉक्टरांनीही बघितलं. वेळ तिप्पट लागतो, पण अजून तरी एकही ताव चुकला नाही. उबाल्दो खालून ओरडतो, “झाले का कागदांचे मुके घेऊन? आमच्याकडेही बघा कधी!” राग गेला म्हणायचा त्याचा. औषधं सुरू आहेत, केक-बिस्किटं बंद, रविवारची वाइन बंद, पास्तासुद्धा मोजून. ते सगळं मी निभावीन. पायात चपला घालून फिरते, डॉक्टरांनी बजावलंय. तू काळजी करशील म्हणून हे सगळं रविवारी सांगणार होते, आणि खरं सांगायचं तर रविवारीही सांगितलं नसतं. तू पोर माझ्या हातात दिली असतीस, मी घेतली असती, आणि तू बसमध्ये चढली असतीस.

इथे पान बदललंय, बघ. हा त्या परत आलेल्या चारशेतला ताव आहे, बाकीचे पुन्हा लगद्यात गेले, एक मी मागून घेतला. शाई फुटतेय ना? काही अक्षरं धड, काही सुरवंट. मुद्दामच यावर लिहितेय, कारण फोनवर तू म्हणाली असतीस, काही होत नाही गं आई, वय झालं की होतं असं, आणि मी लगेच ऐकलं असतं, मला ऐकायचंच होतं. माझे हात काय करून ठेवतात ते तुझ्या डोळ्यांनी बघ. आणि आता ऑगस्टातलं सांगते. तुल्लियाच्या अंघोळीचा टब मी भरला होता. तू आलीस, कोपर बुडवलंस आणि किंचाळलीस, आई, केवढं कढत! मी हसले, म्हणाले, अगं, अजून गार घालायचंय, तू आधीच कशाला हात घातलास? तू पण हसलीस. नेरिना, माझं गार घालून झालं होतं. मी हात फिरवून बघितलं होतं, मला कोमट लागलं होतं. तू दाराशी आलीस तेव्हा मी पोरीचा लंगोट सोडत होते, पुढच्या क्षणी तिला पाण्यात सोडणार होते. तीन महिने झाले, मी तिला रोज त्या टबात सोडते आणि दचकून उठते. तेव्हा घसा फोडून सांगायला हवं होतं आणि मी लाजेपोटी खोटं बोलले, वर पोर सांभाळीन म्हणून तुला शब्दही दिला. तो शब्द मी परत घेते. तिला माझ्या एकटीच्या हाती ठेवून जाऊ नकोस. रजा वाढवून माग, नाहीतर डेर्ना अंघोळ आणि दूध बघायला तयार आहे, तिच्याशी तू स्वतः बोल, मी बोलले तर मी झाकूनपाकून बोलेन. आणि काहीच जमलं नाही तर सरळ नाही म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे वाटेल, पण त्याकडे तू बघू नकोस. रविवारी मात्र तिला घेऊन ये. अंघोळ तू घाल. नंतर तिला टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दे, मी तिच्या डोक्याला ओठ लावीन, केस अजून ओले आहेत की वाळले ते तुला सांगीन, आणि ते अगदी खरं असेल.

वाट बघतेय,
तुझीच,
आई